स्पेलिंग एक, उच्चार दोन

इंग्रजीत एल-ई-ए-डी अशी चार अक्षरे लिहिली, तर त्या शब्दाचा उच्चार काय हे नुसत्या स्पेलिंगवरून ठरत नाही. पुढे चालणे, नेतृत्व करणे हा अर्थ असेल तर तो ‘लीड’. शिसे हा धातू म्हणायचा असेल तर ‘लेड’. टी-ई-ए-आर म्हणजे डोळ्यांतले पाणी असेल तर ‘टिअर’, कागद फाडणे असेल तर ‘टेअर’. डब्ल्यू-आय-एन-डी हा वारा असेल तर ‘विंड’, आणि दोरा गुंडाळणे किंवा घड्याळाला किल्ली देणे असेल तर ‘वाइंड’. अक्षरे तीच, त्यांचा क्रमही तोच. अर्थ बदलला की उच्चार बदलतो. अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘हेटेरोनिम’ म्हणतात. मराठीत त्यांना समलेखी भिन्नोच्चारी शब्द म्हणता येईल.

या गटाची हद्द आधी आखून घेतलेली बरी. ‘बँक’ म्हणजे पैशांची पेढी आणि ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ, या दोन्हींचे स्पेलिंगही एक आणि उच्चारही एक, त्यामुळे ते या गटात येत नाहीत. समुद्र या अर्थाचा ‘सी’ आणि पाहणे या अर्थाचा ‘सी’ यांचे नेमके उलटे आहे: उच्चार एक, पण स्पेलिंगे दोन. तेही बाहेरच. कोणी ‘शेड्यूल’ म्हणते, कोणी ‘स्केड्यूल’; पण हा फरक इंग्लंड-अमेरिकेचा आहे, अर्थाचा नाही. ज्या शब्दात उच्चार चुकला की अर्थही चुकतो, तेवढेच शब्द येथे विचारात घ्यायचे.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच परका नाही. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करत नाही. ‘चार गुरे’ यातला ‘चार’ तालव्य. ‘जा, गुरे चार’ या आज्ञेतला ‘चार’ दंततालव्य. दुनिया या अर्थाच्या ‘जग’मधला ज वेगळा, पाण्याच्या ‘जग’मधला वेगळा. ‘जरा थांब’ यातला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा संस्कृत ‘जरा’ कानाला निराळे लागतात. मराठीत हा घोळ मोजक्या अक्षरांपुरता राहतो. इंग्रजीत मात्र स्वर, व्यंजन आणि आघात या तिन्ही बाजूंनी तो होतो, आणि त्यामागे निरनिराळी कारणे आहेत. ती कारणे कळली की यातले बहुतेक शब्द लहरी न वाटता गटागटांनी मांडता येतात.

लिपी थांबली, उच्चार पुढे गेला

इंग्रजीचा सर्वांत जुना टप्पा म्हणजे जुनी इंग्रजी. तिचे लेखन बरेचसे उच्चाराला धरून होते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके दरबार, कायदा आणि उच्चवर्गाचा व्यवहार फ्रेंचमध्ये चालला. इंग्रजी लिहिणाऱ्या लेखनिकांना फ्रेंच वळण लागले आणि जुने ध्वनी नव्या अक्षरजोड्यांनी लिहिले जाऊ लागले. उदाहरणार्थ, दीर्घ ऊ पूर्वी नुसत्या ‘यू’ अक्षराने लिहीत. आता तो ‘ओ-यू’ किंवा ‘ओ-डब्ल्यू’ असा लिहिला जाऊ लागला.

१४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईबरोबर स्पेलिंगे हळूहळू ठरीव होऊ लागली. नेमक्या त्याच काळात इंग्रजीच्या उच्चारात मोठी उलथापालथ चालू होती. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. दीर्घ ई चा ‘आइ’ झाला, ऊ चा ‘आउ’, ए चा ‘ई’ आणि ओ चा ‘ऊ’. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, आजचे ‘हाउस’ हे ‘हूस’ होते आणि आजचा ‘मून’ हा ‘मोन’च्या जवळचा होता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ म्हणजे महास्वरांतर असे नाव दिले. ऱ्हस्व स्वर मात्र या फेऱ्यात फारसे सापडले नाहीत. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश आला तोवर स्पेलिंगे जवळजवळ गोठली होती. परिणाम असा, की आजचे इंग्रजी स्पेलिंग पुष्कळदा पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार सांगते.

योगायोगाने जुळलेले शब्द

पहिला गट आहे परस्परांशी काही नाते नसलेल्या शब्दांचा. मुळात ते वेगळे होते, वेगळे उच्चारले जात होते. लेखनात मात्र एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

याचा चांगला नमुना म्हणजे बी-ओ-डब्ल्यू. धनुष्य या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होता ‘बोगा’. वाकणे, नमणे या अर्थाचे क्रियापद होते ‘बूगन’. दोन्हींतला मधला ‘ग’ झिजत झिजत ‘व’सारखा झाला. पहिल्यात उरला ओ आणि व, म्हणून तो ओ-डब्ल्यू असा लिहिला. दुसऱ्यात उरला दीर्घ ऊ. तोही फ्रेंच वळणाने ओ-डब्ल्यू असाच लिहिला. येथवर लेखन एक झाले तरी उच्चार दोन होते, आणि मग महास्वरांतराने ते आणखी दूर नेले. नमण्यातला ऊ ‘हूस’मधल्या ऊ सारखाच ‘आउ’ झाला. म्हणून धनुष्य ‘बो’ आणि नमणे ‘बाउ’. गळ्यातला ‘बो-टाय’ धनुष्याच्या घराण्यातला, कारण त्याची गाठ धनुष्यासारखी वाकलेली असते. जहाजाच्या पुढच्या भागालाही हेच स्पेलिंग आहे, पण उच्चार ‘बाउ’.

एस-ओ-डब्ल्यू याची कथा याच वळणाची: पेरणे असेल तर ‘सो’, डुकरीण असेल तर ‘साउ’. आर-ओ-डब्ल्यू म्हणजे ओळ किंवा होडी वल्हवणे असेल तर ‘रो’, भांडण असेल तर ‘राउ’.

‘लीड-लेड’ आणि ‘टिअर-टेअर’ या जोड्यांचा उगम ‘ई-ए’ या अक्षरजोडीत आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ही जोडी एका विशिष्ट दीर्घ स्वरासाठी वापरात आली. तो आजच्या ‘ॲ’कडे झुकलेला लांब ‘ए’ होता. पुढे बहुतेक शब्दांत त्याचा ‘ई’ झाला: सी, मीट, टी. काही शब्दांत, विशेषतः शेवटी डी, टी किंवा टी-एच असेल तेथे, तो आखूड होऊन ‘ए’ राहिला: ब्रेड, हेड, डेड, थ्रेट, डेथ. शिसे या शब्दाने दुसरी वाट धरली, ‘नेतृत्व करणे’ या क्रियापदाने पहिली. पुढे ‘आर’ असेल तेथेही अशाच दोन वाटा झाल्या. ‘इअर’, ‘हिअर’ एकीकडे गेले आणि ‘बेअर’, ‘वेअर’ दुसरीकडे. अश्रू पहिल्या वाटेने गेला, फाडणे दुसऱ्या.

‘विंड’ आणि ‘वाइंड’ यांत कोडे वेगळे आहे. ‘एन-डी’ या जोडव्यंजनापूर्वीचा ऱ्हस्व इ जुन्या इंग्रजीच्या अखेरीस लांबला होता. म्हणून तर फाइंड, माइंड, काइंड, ग्राइंड या सगळ्यांत आज ‘आइ’ ऐकू येतो. या हिशेबाने वाराही ‘वाइंड’ व्हायला हवा होता, आणि काही काळ तो तसा होताही. इंग्रजी कवी कित्येक पिढ्या वाऱ्याचे यमक ‘माइंड’ आणि ‘काइंड’शी जुळवत होते. शेवटी बोलीत आखूड उच्चार टिकला आणि वारा ‘विंड’ झाला.

याच ‘वाइंड’चे भूतकाळी रूप डब्ल्यू-ओ-यू-एन-डी, उच्चार ‘वाउंड’. जखमेचे स्पेलिंगही अक्षरशः तेच, पण उच्चार ‘वूंड’. ‘फाउंड’, ‘ग्राउंड’, ‘राउंड’ यांच्या रांगेत बसून जखमेचाही ‘वाउंड’ व्हायला हवा होता. सुरुवातीच्या डब्ल्यूच्या संगतीने तिथला ऊ मात्र टिकून राहिला. त्यामुळे जखमेभोवती पट्टी गुंडाळली, एवढे साधे वाक्य इंग्रजीत लिहिले तरी एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार एका ओळीत येऊ शकतात.

संगीतातला खर्जाचा सूर बी-ए-एस-एस असा लिहितात आणि ‘बेस’ म्हणतात. त्याच स्पेलिंगचा मासा मात्र ‘बॅस’. संगीतातला शब्द पूर्वी बी-ए-एस-ई असाच लिहिला जाई. इटालियन ‘बासो’च्या प्रभावाने त्याचे स्पेलिंग बदलले, उच्चार मात्र जुनाच राहिला. म्हणून वाद्याचे बरोबर नाव ‘बेस गिटार’.

एकाच शब्दाची दोन रूपे

दुसऱ्या गटातले शब्द सख्खे आहेत. आर-ई-ए-डी म्हणजे वाचणे: वर्तमानकाळात ‘रीड’, भूतकाळात ‘रेड’. जुन्या भूतकाळी रूपात ‘ड’ दुहेरी होता, आणि दुहेरी व्यंजनापूर्वीचा दीर्घ स्वर आखूड होण्याची इंग्रजीची रीत होती. फीड-फेड, ब्रीड-ब्रेड, लीड-लेड या जोड्यांत हेच घडले. पण त्यांच्या भूतकाळाचे स्पेलिंगही बदलून एकेक ई किंवा ए गळाला. ‘रीड’च्या बाबतीत मात्र स्पेलिंग तसेच राहिले. याचा एक गमतीदार परिणाम असा, की ‘नेतृत्व केले’ या अर्थाचे एल-ई-डी लिहिताना इंग्रजी मातृभाषा असलेली मंडळीसुद्धा मध्ये ए घुसवतात: एक तर ‘रेड’चे स्पेलिंग डोळ्यांसमोर असते, आणि शिसेही ‘लेड’च असते.

‘रेड’ आणि ‘रीड’मधला संभ्रम कधी कधी वाक्यानेही सुटत नाही. ‘मी रोज सकाळी पेपर वाचतो’ आणि ‘मी रोज सकाळी पेपर वाचत असे’ ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत एकाच लिखित रूपात बसू शकतात. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो आणि प्रश्न मिटतो. ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ यांना तो लागत नाही. मग काळ कोणता हे मागच्या-पुढच्या वाक्यांतूनच ठरते.

एल-आय-व्ही-ई हा शब्द मराठीत दोन्ही उच्चारांनी रुळला आहे. दूरचित्रवाणीवर ‘लाइव्ह’ प्रक्षेपण असते आणि लग्नाविना एकत्र राहण्याला ‘लिव्ह-इन’ म्हणतात. इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग एकच. जगणे, राहणे या क्रियापदातला इ ऱ्हस्व होता, तो तसाच राहिला. विशेषण मात्र ‘अलाइव्ह’ या शब्दाचे पुढचे अक्षर गळून बनले, आणि ‘अलाइव्ह’मध्ये ‘लाइफ’चा दीर्घ स्वर आहे. शेवटी ‘ई’ असला की आधीचा स्वर लांब, असा नियम शाळेत शिकवतात. तो येथे लागू पडत नाही, कारण इंग्रजी शब्द नुसत्या ‘व्ही’वर सहसा संपत नाहीत. गिव्ह, हॅव्ह, लव्ह यांनाही शेवटी ‘ई’ जोडलेला असतो, तो केवळ लेखनाची रीत म्हणून.

आघाताने बदलणारे शब्द

तिसरा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत शिस्तीचा आहे. दोन अवयवांचा शब्द नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. नोंद किंवा तबकडी या अर्थाने ‘रेकॉर्ड’ म्हणताना जोर ‘रे’वर येतो. नोंदवणे या अर्थाने शब्द ‘रिकॉर्ड’ होतो आणि जोर ‘कॉर्ड’वर येतो. भेटवस्तू ‘प्रेझन्ट’, सादर करणे ‘प्रिझेन्ट’. वस्तू ‘ऑब्जिक्ट’, हरकत घेणे ‘अब्जेक्ट’. शेतमाल ‘प्रॉड्यूस’, उत्पादन करणे ‘प्रड्यूस’. बंडखोर ‘रेबल’, बंड करणे ‘रिबेल’. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, इन्सल्ट, कॉन्ट्रॅक्ट, कंडक्ट, कॉन्फ्लिक्ट, प्रोजेक्ट, इन्क्रीज ही सगळी याच शिस्तीतली.

यात फक्त जोर सरकतो असे नाही. इंग्रजीत ज्या अवयवावर जोर नसतो त्यातला स्वर मलूल होऊन मराठी ‘अ’ किंवा ऱ्हस्व ‘इ’सारखा ऐकू येतो. म्हणूनच ‘ऑब्जिक्ट’मधला ऑ क्रियापदात ‘अ’ होतो आणि ‘रेकॉर्ड’मधला रे ‘रि’ होतो. आघात बदलला की अक्षराचा ध्वनीही बदलतो.

मराठीत आघातावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी असे शब्द एकाच साच्यात बसतात आणि बहुधा नामाचेच रूप रुळते. गाण्यांची रेकॉर्ड असते आणि गाणे रेकॉर्डही करतात, दोन्हीकडे उच्चार एकच. रिक्षाचे परमिट असते आणि बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असते; क्रियापदाचा, शेवटच्या अवयवावर जोर असलेला ‘पर्मिट’ मराठी कानावर क्वचितच पडतो.

ही रीत जुन्या इंग्रजीपासूनची आहे. उपसर्ग लागलेल्या नामांत जोर उपसर्गावर आणि क्रियापदांत मूळ धातूवर देण्याची तेव्हाही पद्धत होती. फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले शब्द पुढे हळूहळू त्या वळणाला लागले. पीटर लेव्हिन्सने १५७० मध्ये केलेल्या यमक-शब्दकोशात अशा जोड्या केवळ ३ सापडतात: आउटलॉ, रेबल आणि रेकॉर्ड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्यांची संख्या दीडशेच्या आसपास पोहोचली. म्हणजे हा प्रकार जुना अवशेष नसून वाढता आहे. तरी तो सरसकट लागू होत नाही. रिपोर्ट, रिप्लाय, सपोर्ट, कंट्रोल हे शब्द नाम असोत वा क्रियापद, त्यांचा जोर शेवटीच असतो. आन्सर, प्रॉमिस, कॉमेंट यांचा नेहमी सुरुवातीला.

याच गटात असेही शब्द आहेत, ज्यांच्या दोन अर्थांत बरेच अंतर पडले आहे. मजकूर ‘कॉन्टेन्ट’, समाधानी ‘कन्टेन्ट’. कचरा ‘रेफ्यूस’, नाकारणे ‘रिफ्यूझ’. वाळवंट ‘डेझर्ट’, सोडून पळणे ‘डिझर्ट’. आजाराने अधू झालेला माणूस ‘इन्व्हलिड’, रद्दबातल ‘इन्व्हॅलिड’. मुळात दोन्ही लॅटिनमधल्या ‘दुर्बल’ या शब्दापासूनचे. साठ सेकंदांचे ‘मिनिट’ आणि अतिसूक्ष्म या अर्थाचा ‘मायन्यूट’ हेही एकाच घरचे. लॅटिनमध्ये तासाच्या पहिल्या लहान भागाला ‘पहिला सूक्ष्म भाग’ म्हणत. त्यातला ‘सूक्ष्म’ मिनिटाच्या वाट्याला आला, आणि दुसऱ्या भागातला ‘दुसरा’ सेकंदाच्या. ‘एन्ट्रन्स’ म्हणजे प्रवेश आणि ‘एन्ट्रान्स’ म्हणजे भारून टाकणे यांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. पहिला ‘एन्टर’वरून आला, दुसरा ‘ट्रान्स’वरून.

स आणि झ

चौथ्या गटात स्वर किंवा आघात बदलत नाही. शेवटचे व्यंजन बदलते. यू-एस-ई हे नाम असेल तर ‘यूस’, क्रियापद असेल तर ‘यूझ’. घर ‘हाउस’, घरात ठेवणे ‘हाउझ’. सबब ‘एक्स्क्यूस’, माफ करणे ‘एक्स्क्यूझ’. सी-एल-ओ-एस-ई याचा अर्थ जवळचा असेल तर ‘क्लोस’, बंद करणे असेल तर ‘क्लोझ’. मराठीत ‘क्लोज फ्रेंड’ आणि ‘दुकान क्लोज’ एकाच उच्चाराने चालतात. इंग्रजीत त्यांत भेद आहे.

कारण पुन्हा जुन्या इंग्रजीत सापडते. दोन स्वरांच्या मध्ये आलेला स तेव्हा मऊ होऊन झ सारखा उच्चारला जाई. घर म्हणजे ‘हूस’. येथे स शेवटी, म्हणून कडक. घरात ठेवणे म्हणजे ‘हूझियन’. येथे तोच स स्वरांच्या मध्ये, म्हणून मऊ. पुढे क्रियापदांचे शेपूट गळाले, मऊपणा राहिला. फ्रेंचमधून आलेले ‘यूझ’, ‘एक्स्क्यूझ’ही याच साच्यात बसले. हाच नियम ‘फ’ आणि ‘थ’ यांनाही लागू होता. बिलीफ-बिलीव्ह, ब्रेथ-ब्रीद या जोड्या त्यातूनच आल्या. तिथे मात्र स्पेलिंगेही वेगळी झाली, त्यामुळे गोंधळ होत नाही.

शेपटातला फरक

‘ए-टी-ई’ने संपणारे लांब शब्द हा पाचवा गट. क्रियापदात हे शेपूट ‘एट’ असे स्पष्ट उच्चारतात. नाम किंवा विशेषणात ते ‘इट’ किंवा ‘अट’ असे विरते. वेगळे करणे ‘सेपरेट’, वेगळा ‘सेप्रिट’. अंदाज बांधणे ‘एस्टिमेट’, अंदाज ‘एस्टिमिट’. पदवी घेणे ‘ग्रॅज्युएट’, पदवीधर ‘ग्रॅज्युइट’. डुप्लिकेट, मॉडरेट, डेलिगेट, ॲडव्होकेट, असोशिएट यांचेही असेच. मराठीत हे सगळे ‘एट’नेच बोलले जातात.

‘ई-डी’ हे शेपूट एके काळी नेहमी स्वतंत्र अवयव म्हणून उच्चारले जाई. नंतर क्रियापदांत त्यातला स्वर गळाला. काही विशेषणांत मात्र तो राहिला. शिकला या अर्थाने ‘लर्न्ड’, विद्वान या अर्थाने ‘लर्निड’. भारतातल्या न्यायालयांत वकील प्रतिपक्षाच्या वकिलाला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतात, त्यात हा जुना अवयव ऐकू येतो. ‘ब्लेस्ट’ आणि ‘ब्लेसिड’, ‘एज्ड’ आणि ‘एजिड’, पाठलाग केला या अर्थाचा ‘डॉग्ड’ आणि चिवट या अर्थाचा ‘डॉगिड’ या जोड्या त्याच प्रकारच्या.

कधी प्रत्यय लागून अचानक जोडी जमते. अंक म्हणजे ‘नंबर’. पण बधिर या अर्थाच्या ‘नम’ला ‘अधिक’चा प्रत्यय लावला की तेच स्पेलिंग ‘नमर’ होते. गटार ‘स्यूअर’, शिवणारा ‘सोअर’. ‘डू’चे रूप ‘डझ’, हरिणी या शब्दाचे अनेकवचन ‘डोझ’. कुऱ्हाडी ‘ॲक्सिझ’, आलेखातले अक्ष ‘ॲक्सीझ’. उदास बसला या अर्थाचा ‘मोप्ट’ आणि दुचाकी ‘मोपेड’ यांचेही स्पेलिंग एकच. त्यातला दुसरा शब्द स्वीडिश भाषेत मोटर आणि पेडल यांवरून बनला. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये ‘लूना’ बाजारात आणली आणि महाराष्ट्राच्या घराघरांत ‘मोपेड’ हा शब्द पोहोचला. विज्ञानलेखक आणि रसायनशास्त्रज्ञ आयझॅक असिमॉव्ह यांनी या प्रकारातले एक नामी उदाहरण दिले होते. कामगार संघटनेत सामील झालेला या अर्थाचा ‘यूनियनाइझ्ड’ आणि आयन न झालेला या अर्थाचा ‘अन-आयनाइझ्ड’ यांचे स्पेलिंग एकच आहे. समोरचा माणूस हा शब्द कसा वाचतो त्यावरून तो रसायनशास्त्रज्ञ आहे की नाही हे ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे.

पाहुणे शब्द आणि विशेषनामे

फ्रेंचमधून आलेल्या काही शब्दांच्या डोक्यावर मुळात चिन्ह असते. ते चिन्ह लिहायचे सोडले की शब्द एखाद्या इंग्रजी शब्दासारखा दिसू लागतो. नोकरीसाठी पाठवतात तो ‘रेझ्युमे’, पुन्हा सुरू करणे ‘रिझ्यूम’. गुलाब ‘रोझ’, गुलाबी वाइन ‘रोझे’. उघडे पाडणे ‘एक्स्पोझ’, त्यातून छापलेला गौप्यस्फोट ‘एक्स्पोझे’. लग्नातले जेवण ‘बुफे’, आणि वाऱ्या-लाटांचे तडाखे देणे ‘बफिट’.

विशेषनामांत पहिले अक्षर मोठे असते, एवढाच खुणेचा आधार. चकाकी आणणे ‘पॉलिश’, पोलंडचा ‘पोलिश’. वाचन ‘रीडिंग’, इंग्लंडमधले शहर ‘रेडिंग’. ऑस्कर वाइल्ड याच शहराच्या तुरुंगात होता. छान ‘नाइस’, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे शहर ‘नीस’. काम ‘जॉब’, बायबलातला सोशिक माणूस ‘जोब’. महिना ‘ऑगस्ट’ पहिल्या अवयवावर जोर देऊन, भारदस्त या अर्थाचा ‘ऑगस्ट’ दुसऱ्यावर. असा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, तर मोठ्या अक्षराचीही मदत होत नाही.

स्पेलिंग सुधारायचे का?

हा सगळा गुंता सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याने ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे वापरावीत असा हुकूम काढला. काँग्रेसने तो मोडून काढला. १९५० मध्ये निवर्तलेल्या बर्नार्ड शॉ यांनी मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करायला पैसे ठेवले. ती लिपी तयार झाली, १९६२ मध्ये त्यांचे ‘अँड्रॉक्लिस अँड द लायन’ हे नाटक तीत छापलेही गेले, पण वापर वाढला नाही.

सुधारणेच्या विरुद्ध एक खरा मुद्दाही आहे. ‘रेकॉर्ड-रिकॉर्ड’, ‘यूस-यूझ’, ‘सेपरेट-सेप्रिट’ यांची स्पेलिंगे उच्चाराप्रमाणे वेगळी केली, तर ते एकाच कुळातले आहेत हे डोळ्यांना दिसणार नाही. एकच स्पेलिंग नाते टिकवते. हा फायदा ‘लीड-लेड’ किंवा ‘बो-बाउ’ यांना मात्र लागू नाही, कारण तेथे टिकवायला नातेच नाही.

यंत्राचे वाचन आणि वाचकाची युक्ती

मनात वाचताना ही अडचण जाणवत नाही. मोठ्याने वाचताना मात्र वाक्य संपण्यापूर्वीच उच्चार ठरवावा लागतो. लिखित मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणकापुढे हाच प्रश्न असतो. अंध व्यक्तींसाठीची वाचनयंत्रणा किंवा रस्ता सांगणारे ॲप यांना प्रत्येक वेळी निवड करावीच लागते. शब्द नाम की क्रियापद हे व्याकरणावरून ओळखले, की ‘रेकॉर्ड’, ‘यूझ’, ‘सेपरेट’ यांसारखे शब्द मार्गी लागतात. ‘बेस’ आणि ‘बॅस’ ही दोन्ही नामे असल्यामुळे तेथे व्याकरण अपुरे पडते. १९९०च्या दशकात अमेरिकी संशोधक डेव्हिड यारोव्स्की यांनी यासाठी आसपासच्या शब्दांचा आधार घेणारी पद्धत मांडली: जवळपास मासेमारीचा शब्द असेल तर मासा, गिटार असेल तर खर्ज. ‘रीड’ आणि ‘रेड’ यांत काळाचा पुरावा शोधावा लागतो आणि तो बराच मागे दडलेला असू शकतो.

इंग्रजी शिकणाऱ्यालाही हाच क्रम उपयोगी पडतो. आधी शब्द नाम, विशेषण की क्रियापद हे पाहावे. आघाताचे, स-झ चे आणि ‘एट’च्या शेपटाचे शब्द एवढ्यानेच सुटतात. मग विषय पाहावा, म्हणजे शिसे की नेतृत्व हे कळते. नंतर काळ आणि शेवटी मोठे अक्षर. तरीही अडले तर शब्दकोश उघडावा. चांगल्या इंग्रजी कोशात ‘लीड’ आणि ‘लेड’ यांसारख्या नाते नसलेल्या शब्दांना १, २ असे आकडे देऊन स्वतंत्र नोंदी असतात. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दाच्या एकाच नोंदीत नामाचा आणि क्रियापदाचा उच्चार वेगवेगळा दिलेला असतो, आणि ज्या अवयवावर जोर द्यायचा त्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. नोंद वाचताना अर्थाबरोबर ही रेघही पाहिली, तर आघाताची चूक सहसा होत नाही.